रहस्यकथेवरून हाताने भेटकार्ड करताना : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझा भाचा बेळगावजवळच्या खानापूरला राहतो. त्याला वाचायची गोडी लागली ती रहस्यकथांमुळे, आणि म्हणून त्याच्या नवव्या वाढदिवसाला मी त्याच विषयावरचे एक कार्ड हाताने करून दिले. त्यावर एक भिंग होते, एक मोठे प्रश्नचिन्ह होते आणि आत शुभेच्छा होत्या. त्याने ते पाहिले, "छान आहे की, मामा," असे म्हटले आणि कपाटावर ठेवून दिले. पुढच्या वर्षी मी कार्डाच्या आत एक ओळ दडवली आणि ती उलगडल्यावर तांदळाच्या डब्यामागे ठेवलेले पुस्तक सापडेल अशी योजना केली. ते कार्ड त्याने दोन तास हातातून सोडले नाही आणि आजही ते त्याच्या पेटीत आहे. या दोन कार्डांमधला फरक मला नीट समजायला बराच कागद वाया घालवावा लागला. रहस्यकथेवरचे कार्ड ही स्वतःच एक छोटी रहस्यकथा असली पाहिजे. मुलाने ती सोडवावी लागली पाहिजे आणि ती त्याला सोडवता आली पाहिजे. हे मनात ठेवून पुढचे सगळे टप्पे वाचावेत.

एका कार्डाला पहिल्या खेपेस दोन संध्याकाळी लागतात, कारण मधे वाळण्यासाठी वेळ द्यावा लागतो. वाढदिवसाच्या आदल्या रात्री सुरुवात करू नये.

लागणारे साहित्य

- २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला २५० ग्रॅम वजन भरणारा) पांढरा किंवा साईच्या रंगाचा कार्डशीट, ए-४ आकाराचा. एका कागदात दोन कार्डे होतात.
- काळा कार्डपेपर, पिवळा घोटीव कागद आणि वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद.
- लाल जिलेटीन कागदाचा तळहाताएवढा तुकडा.
- स्टीलची पट्टी, कटर, कात्री, कंपास, खोडरबर आणि शाई संपलेले बॉलपेन.
- फेव्हिकॉल, एक जुना ब्रश आणि दोन जाड पुस्तके.
- एक टिचबटण आणि सुईदोरा.
- लिंबू, हळद, अंगाचा साबण आणि चहाची पूड. हे सगळे घरातच असते.

कागदासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. बेळगावात गणपत गल्ली किंवा खडे बाजाराच्या परिसरातील स्टेशनरीच्या दुकानांत कार्डशीट सुटे मिळते. त्याहून चांगली युक्ती म्हणजे लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे कापून उरलेल्या पट्ट्या मागणे. लग्नसराई संपल्यानंतर गेलात तर उत्तम प्रतीचा जाड कागद अगदी थोड्या पैशांत आणि कधीकधी नुसता मागूनही मिळतो. लाल जिलेटीन कागद गणपतीच्या दिवसांत मखराच्या सामानाबरोबर सहज मिळतो, तेव्हाच एखादी मोठी गुंडाळी घेऊन ठेवावी.

१. आधी पुस्तक निवडा आणि ते पुन्हा वाचा

'रहस्यकथा' असा सरसकट विषय घेऊन कार्ड करायला बसलात तर हात आपोआप भिंग आणि प्रश्नचिन्हाकडे जातो. त्यापेक्षा ज्या मुलासाठी कार्ड करायचे आहे त्याने वाचलेले एकच पुस्तक घ्या, आणि तुम्ही ते लहानपणी वाचलेले असले तरी पुन्हा वाचा. वाचताना हाताशी वही ठेवून फक्त वस्तू टिपाव्यात: किल्ली, कंदील, फाटलेले तिकीट, बंद पडलेले घड्याळ, ओला बूट. रहस्यकथेत वस्तूच बोलतात, आणि कार्डावर काढायला वस्तू माणसांपेक्षा कितीतरी सोप्या असतात.

मुलांच्या जुन्या रहस्यकथांमध्ये हे फार स्पष्ट दिसते. नॅन्सी ड्रू या गुप्तहेर मुलीच्या, १९३० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच पुस्तकाच्या नावात एक जुने घड्याळ आहे आणि एका बेपत्ता मृत्युपत्राचा शोध त्या घड्याळाभोवती फिरतो. एनिड ब्लायटन यांच्या पाच जणांच्या टोळीचे पहिले पुस्तक १९४२ चे. त्यात बेट आहे आणि बुडालेले जहाज आहे. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो आणि सायकलवरून संकटांच्या मागे धावतो. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकातून बंगाली वाचकांसमोर आला आणि तो आता मराठीतही वाचायला मिळतो. घड्याळ, बेट, सायकल अशी एकेक वस्तू घेतली तरी एकेक कार्ड उभे राहते.

इथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. मुलाचे पुस्तक अजून वाचून व्हायचे असेल तर शेवटच्या प्रकरणातली कोणतीही वस्तू कार्डावर आणू नका. मी एकदा ही चूक केली आणि एका मुलीचा पुस्तकातला सगळा रस निघून गेला. दुसरे म्हणजे वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातले पान किंवा चित्र कापण्याचा विचारही मनात आणू नये. आपल्या भागातील मराठी वाचनालयांत मुलांची जुनी पुस्तके आता मोजकीच उरली आहेत आणि त्यांची दुसरी प्रत मिळणे अवघड आहे.

२. शेवटापासून मागे या

नवशिके बहुतेक वेळा मुखपृष्ठापासून सुरुवात करतात आणि आत काय दडवावे याचा विचार शेवटी करतात. क्रम नेमका उलटा हवा. मुलाला शेवटी काय सापडणार आहे हे आधी ठरवावे. ती एखादी वस्तू असेल, एखादी जागा असेल किंवा नुसते एक वाक्य असेल. त्यानंतर तो शब्द कसा दडवायचा ते ठरवावे, त्यानंतर तो उघडण्याची किल्ली कुठे ठेवायची ते ठरवावे, आणि मुखपृष्ठ सर्वांत शेवटी.

एक पूर्ण उदाहरण देतो, म्हणजे पुढचे टप्पे समजायला सोपे जाईल. घड्याळाची गोष्ट आवडलेल्या आणि आगगाडीचे वेड असलेल्या एका मुलीसाठी मी कार्ड केले. तिची भेट कपाटामागे ठेवायची होती, म्हणून शेवटचा शब्द 'कपाटामागे' असा ठरला. तो सांकेतिक लिपीत दडवला. लिपी उलगडण्यासाठी एक आकडा लागणार होता, तो तीन. मग मुखपृष्ठावर रात्रीचे लोंढा स्थानक काढले आणि फलाटावरच्या घड्याळात बरोबर तीन वाजलेले दाखवले. आत एवढेच लिहिले : 'गाडी किती वाजता सुटली हे ज्याला दिसले, त्याला सगळे दिसले.' लोंढ्याला गोव्याकडे जाणारा फाटा फुटतो, त्यामुळे रात्री गाडी बदलणारा अनोळखी प्रवासी तिथे अगदी शोभून दिसतो.

परदेशातील धुक्याने भरलेले वाडे आणि दीपगृहे पुस्तकातच राहू द्यावीत. पावसाळ्यातले जांबोटीचे रान, येळ्ळूरचा राजहंसगड, बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, निपाणीकडचे तंबाखूचे जुने गोदाम, मंगळुरी कौलांचे मोडके घर, यांतले काहीही घेतले तरी मुलाला ती जागा ओळखता येते, आणि ओळखीच्या जागेत दडलेले रहस्य त्याला अधिक जवळचे वाटते.

३. कागद कापणे आणि घडी घालणे

ए-४ कागदाचा आकार २१० × २९७ मिलिमीटर असतो. तो आडवा मधोमध कापला की १४८ × २१० चे दोन तुकडे मिळतात, आणि प्रत्येक तुकडा मधे दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचे कार्ड होते. हाच आकार घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याला कारण आहे.

कागदातील तंतू एका दिशेने पसरलेले असतात. छापखान्यातले लोक याला ग्रेन म्हणतात. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते, तर आडवी घातलेली घडी फुटते आणि कडेला पांढरे धागे दिसू लागतात. बहुतेक ए-४ कागदांत तंतू लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे अख्खा ए-४ कागद मधे दुमडून मोठे कार्ड केले तर घडी तंतूंना आडवी जाते. तोच कागद अर्धा कापून दुमडला तर घडी तंतूंच्या दिशेने पडते. खात्री करायची असेल तर कागद न दुमडता दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, ती घडीची दिशा.

घडी हाताने दाबून घालू नये. पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने त्या रेषेवरून दोनदा जोर देऊन ओढावे, म्हणजे खाच पडते. मग कागद दुमडून पेनाच्या पाठीने घोटून घ्यावा. कटर नेहमी स्टीलच्या पट्टीलाच टेकवून चालवावा. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड कापली जाते आणि पाते बोटावर येते.

आपल्याकडच्या पावसाबद्दल एक शब्द. खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की टेबलावर ठेवलेला कागद सकाळपर्यंत वाकतो. पहिल्या पावसाळ्यात माझी एका शाळेसाठी केलेली सोळा कार्डे पन्हळीसारखी झाली होती. तेव्हापासून मी कागद पत्र्याच्या ट्रंकेत सपाट ठेवतो, लागेल तेवढाच बाहेर काढतो, आणि प्रत्येक डकवणीनंतर कार्ड रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवतो.

४. दडवलेला मजकूर

हा कार्डाचा प्राण आहे. त्यामुळे इथे घाई करू नये, आणि एका कार्डात एकच पद्धत वापरावी. तीन पद्धती एकत्र केल्या की मुलाला कोडे दिसेनासे होते, फक्त गोंधळ दिसतो.

*लाल काच.* सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे. फिकट निळ्या पेन्सिलीने संदेश लिहावा. त्यावर लाल आणि नारिंगी स्केचपेनने दाट वेलबुट्टी किंवा विटांची भिंत काढावी. नुसत्या डोळ्यांना फक्त भिंत दिसते. लाल जिलेटीन कागदातून पाहिले की लाल रेषा कागदाच्या रंगात मिसळून जातात आणि निळी अक्षरे काळपट होऊन वर येतात, कारण जिलेटीन फक्त लाल प्रकाश आत सोडतो. काळ्या कार्डपेपरचे भिंग कापून त्याच्या काचेच्या जागी हा जिलेटीन लावला तर भिंगही शोभेपुरते राहत नाही, त्याला खरे काम मिळते. निळा रंग फार गडद घेतला तर संदेश आधीच दिसतो. म्हणून रद्दी कागदावर दोन-तीन छटा करून पाहाव्यात.

*लिंबाचा रस.* स्वच्छ ब्रशने किंवा काडीने लिहून वाळू दिले की अक्षरे दिसत नाहीत, आणि कागद तापवला की तपकिरी उमटतात. लिंबाच्या रसातील पदार्थ कागदाच्या आधी करपतात, एवढेच त्यामागचे कारण आहे. तापवण्यासाठी मेणबत्ती कधीही सुचवू नका. कार्डाच्या मागे 'मोठ्या माणसाकडून इस्त्री फिरवून घे' असे स्पष्ट लिहावे, आणि इस्त्री कोरडी असावी, वाफेची नव्हे. या पद्धतीत दोन अडचणी येतात. ओलाव्याने कागद किंचित फुगतो आणि तिरक्या उजेडात लिहिलेले ओळखू येते, म्हणून वाळल्यावर कागद दाबून ठेवावा. आणि कार्ड काही महिने तसेच पडून राहिले तर अक्षरे आपोआप पिवळसर होऊ लागतात, म्हणून हे कार्ड फार आधी करून ठेवू नये.

*हळद आणि साबण.* ही पद्धत मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यात आगीचे काम नाही आणि तिचे मूळ आपल्या देवघरात आहे. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते आणि त्यातूनच कुंकू होते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. साबणाच्या दाट पाण्यानेही हळद तशीच लालसर तपकिरी होते. पांढऱ्या कागदावर साबणाच्या पाण्याने संदेश लिहावा, पूर्ण वाळू द्यावा, आणि कार्डासोबत हळदीची छोटी पुडी पाठवावी. मुलाने चमचाभर पाण्यात हळद कालवून ती कापसाने कागदावर फिरवली की पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे उमटतात. चुना मुलांच्या हाती देऊ नये, कारण तो डोळ्यांत गेला तर इजा होते. साबण पुरेसा आहे. हळदीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, हेही मागे लिहावे. संदेशाचा कागद कार्डाला न चिकटवता आत सुटा ठेवावा, नाहीतर सगळे कार्डच ओले होते.

५. सांकेतिक लिपीचे चक्र

नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांना अक्षरे बदलण्याची लिपी फार आवडते. इंग्रजी पुस्तकांतली चक्रे सव्वीस अक्षरांची असतात आणि ती पाहून मराठी चक्र करायला गेलो तर लगेच अडते. आपल्या काना-मात्रा आहेत, जोडाक्षरे आहेत. मी बरेच प्रयोग करून जी रीत पक्की केली ती अशी.

क पासून ळ पर्यंतची व्यंजने चौतीस. त्यांतील ङ आणि ञ एकेकटी जवळजवळ कधीच येत नाहीत, म्हणून ती वगळावीत. उरतात ३२. बत्तीसचा मोठा फायदा असा की वर्तुळाचे बत्तीस समान भाग करायला कोनमापक लागत नाही. पातळ कागदाचे वर्तुळ कापून ते पाच वेळा निम्मे दुमडले की २, ४, ८, १६ आणि शेवटी ३२ भाग पडतात. हे दुमडलेले वर्तुळ उलगडून कार्डपेपरवर ठेवावे आणि घड्यांच्या टोकांशी खुणा कराव्यात. बाहेरचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे आणि आतले ६ सेंटिमीटरचे घ्यावे. त्याहून लहान केले तर अक्षरे दाटीत बसतात.

दोन्ही वर्तुळांवर एकाच क्रमाने अक्षरे लिहावीत : क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म, य र ल व, श ष स, ह ळ. मधे टिचबटणाचा एक भाग एका वर्तुळावर आणि दुसरा भाग दुसऱ्यावर शिवला की चक्र छान फिरते आणि सैलही होत नाही.

नियम एकच : फक्त व्यंजन बदलायचे, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी ठेवायची. किल्ली तीन असेल तर प्रत्येक व्यंजन तीन घरे पुढे जाते. क चा घ होतो, प चा भ, ट चा ढ, म चा ल आणि ग चा छ. म्हणजे 'कपाटामागे' हा शब्द 'घभाढालाछे' असा दिसतो. उलगडताना आतल्या वर्तुळाचा क बाहेरच्या घ समोर आणायचा आणि कोड्यातले प्रत्येक अक्षर बाहेर शोधून त्याच्या आतले अक्षर वाचायचे. ळ च्या पुढे पुन्हा क येतो, हे मुलाला एका ओळीत सांगावे.

संदेशासाठी जोडाक्षर नसलेले शब्द निवडा. 'पुस्तक' किंवा 'ट्रंक' दडवायला गेलात तर मूल अर्ध्या अक्षरापाशी अडते. अनुस्वार चालतो, तो मात्रेसारखाच राहतो. स्वराने सुरू होणारे शब्द, जसे 'आरसा', शक्यतो टाळावेत, कारण पहिले अक्षर उघडेच राहते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे लिपीत उतरवलेला शब्द मोठ्याने वाचून पाहावा. अक्षरांच्या अदलाबदलीत अनवधानाने एखादा वाईट शब्द तयार होऊ शकतो. तसे झाले तर किल्ली बदलावी.

आपल्या सीमाभागात आणखी एक वाट उपलब्ध आहे, जी पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नाही. इथल्या मराठी मुलांना शाळेत कन्नड शिकावेच लागते. कन्नड आणि देवनागरी वर्णमालेचा क्रम सारखाच आहे, त्यामुळे मराठी शब्द कन्नड अक्षरांत लिहिला की मोठ्यांना कन्नड वाटणारे आणि कन्नड वाचणाऱ्याला अर्थ न लागणारे एक सुंदर कोडे तयार होते. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे आहेत. मराठीसाठी दीर्घ रूप वापरावे. माझ्या भाच्याला शाळेतल्या कन्नडचा थोडा कंटाळा होता. या एका कार्डासाठी त्याने पाठ्यपुस्तकाची मागची पाने स्वतःहून उघडली, हे मला फार मोलाचे वाटते. घरात कोणाला मोडी येत असेल तर एखादा शब्द मोडीत लिहून घ्यावा. आपल्या अनेक घरांतल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर हीच लिपी आहे, आणि मुलाने उत्तरासाठी आजोबांकडे जावे यासारखी दुसरी चांगली वाट नाही.

६. मुखपृष्ठ

जुन्या रहस्यकथांची मुखपृष्ठे पाहिली तर त्यांत थोडेच रंग, मोठी सावली आणि एकच उजळ जागा दिसते. हीच रीत हाताने करायला सर्वांत सोपी आहे. कार्डाच्या दर्शनी भागावर काळ्या कागदातून कापलेली घराची किंवा स्थानकाची आकृती डकवा. खिडकी मात्र आरपार कापून काढा आणि तिच्यामागे पिवळा कागद लावा. अंधारात एकच दिवा जळतो आहे असे दिसते आणि नजर आपोआप तिथे जाते. किल्लीचा आकडा दाखवायचा असेल तर तो या उजळ जागेच्या आसपास ठेवावा.

नॅन्सी ड्रूच्या पुस्तकांना १९६० च्या दशकापासून मिळालेली पिवळी पाठ वाचकांच्या चांगलीच ओळखीची आहे. कार्डाच्या घडीवर एक सेंटिमीटर रुंदीची पिवळी पट्टी लावली आणि तिच्यावर मुलाचे नाव उभे लिहिले तर कार्ड शेल्फमधल्या पुस्तकासारखे दिसते. मुखपृष्ठाची छायाप्रत काढून डकवू नये. घरातल्या घरात द्यायच्या कार्डाला कोणी हरकत घेणार नाही, पण पुढे कधी शाळेच्या जत्रेत विकायची वेळ आली तर ती अडचण होते. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो आणि वर उल्लेखिलेल्या बहुतेक लेखकांचा तो अजून चालू आहे. विक्रीच्या कार्डांवर पुस्तकातील पात्रांची नावे आणि चित्रे टाळून घड्याळ, कंदील, सावली एवढ्यावरच काम भागवावे.

७. जुनाट कागद

आतले पत्र, नकाशा किंवा तिकीट जुने दिसायला हवे असेल तर कपभर पाण्यात दोन चमचे चहाची पूड उकळून, गाळून, पूर्ण गार करून ती ब्रशने कागदावर फिरवावी. दूध आणि साखर घालू नये. साखरेच्या चहाने रंगवलेल्या माझ्या नकाशाला मुंग्या लागल्या होत्या. मजकूर लिहायचा तो कागद पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर शाई पसरते. लिंबाची किंवा साबणाची पद्धत वापरणार असाल तर तो कागद चहात रंगवू नका. तपकिरी कागदावर तपकिरी अक्षरे उमटत नाहीत. कडा जाळण्याचा मोह होतो. त्याऐवजी कागद ओला असताना बोटांनी कडा फाडाव्यात, परिणाम तोच मिळतो.

८. जोडणी

आधी खिडकी कापा, मग काळी आकृती डकवा, मग खिडकीमागचा पिवळा कागद, आणि शेवटी आतल्या उजव्या बाजूला खाकी कागदाचा खिसा. चक्र, पत्र किंवा जिलेटीनचे भिंग, यांतले जे वापरले असेल ते या खिशात सुटे राहते. फेव्हिकॉल बोटाने न लावता ब्रशने पातळ लावावा. जास्त झाला की कागद फुगतो. मागच्या बाजूला छोट्या अक्षरांत सोडवण्याची सूचना, आणि एखाद्या पाकिटात बंद करून उत्तर मुलाच्या आईकडे द्यावे.

९. देण्याआधी एकदा सोडवून घ्या

हा टप्पा वगळण्याची इच्छा होते, कारण कार्ड तयार झालेले असते. पण कोडे बांधणाऱ्याला ते नेहमीच सोपे वाटते. त्याच वयाच्या दुसऱ्या एखाद्या मुलाला बसवून ते सोडवायला द्यावे आणि आपण एक शब्दही बोलू नये. दहा मिनिटांत मूल कुठेच पोहोचले नाही तर किल्ली पुरेशी दिसत नाही असे समजावे. दोन मिनिटांत सुटले तर एक पायरी वाढवावी. शेजारच्या मुलीने माझ्या लोंढ्याच्या कार्डात घड्याळाऐवजी फलाटाचा क्रमांक किल्ली म्हणून घेतला होता, कारण मी सहज म्हणून फलाटावर '२' लिहिले होते. तिची काही चूक नव्हती. चित्रातला प्रत्येक आकडा मुलाला पुरावाच वाटतो, त्यामुळे मी तो आकडा खोडून टाकला. कोड्यात नसलेला एकही आकडा, बाण किंवा अक्षर कार्डावर ठेवू नका.

१०. पाकीट आणि टपाल

१०५ × १४८ च्या कार्डाला ११४ × १६२ मिलिमीटरचे पाकीट बरोबर बसते. ते मिळाले नाही तर खाकी कागदाचे घरीच करावे. २५० जीएसएमचा अख्खा ए-४ कागद जवळजवळ १६ ग्रॅम भरतो, म्हणजे त्याच्या निम्म्यातून केलेले आपले कार्ड ८ ग्रॅमच्या आसपास असते. टपाल खाते साधे पत्र २० ग्रॅमच्या टप्प्याने मोजते. काळा कागद, चक्र, पत्र आणि पाकीट मिळून वजन या सीमेच्या जवळ किंवा पुढे जाते, म्हणून तिकीट अंदाजाने न लावता टपाल कार्यालयात वजन करूनच लावावे. कमी तिकिटाचे पत्र पोहोचले तर त्याचा भुर्दंड वाढदिवसाच्या मुलाच्या घरच्यांना पडतो.

टिचबटणामुळे पाकिटाला उंचवटा येतो आणि शिक्का मारताना तो फाटू शकतो. टपालाने पाठवायचे असेल तर चक्राच्या दोन चकत्या सुट्या आणि सपाट ठेवाव्यात आणि बटणाऐवजी मधे टाचणीने भोक पाडून दोरा ओवायला सांगावे. हळदीची पुडीही टपालाने पाठवू नये. ती फुटते आणि सगळे पत्र पिवळे होते. 'स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद माग' एवढे लिहिले की पुरे. पावसाळ्यात पत्ता बॉलपेनने लिहावा, स्केचपेनची शाई पहिल्याच सरीत वाहून जाते. कार्ड आधी प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून मगच पाकिटात ठेवावे.